ठिपका दिसेनासा झाला तर...

मुलगा बोटीवर नोकरीला लागला आणि मला गुगल अर्थचं वेड लागलं. कुकर लावायचा आणि जगभरच्या बोटी शोधत बसायचं! सिंगापूरजवळ नांगर टाकून थांबलेल्या, अलंगला मोडायला आणलेल्या... मागे पांढरी रेघ दिसली, की समजायचं, बोट चालती आहे.

मार्च २०२१ मध्ये ४०० मीटर लांबीची ‘एव्हर गिव्हन’ सुएझ कालव्यात आडवी अडकली. तिच्यावरचे २५ च्या २५ कर्मचारी भारतीय! मुलगा दुसऱ्या बोटीवर होता, तरी सहा दिवस घास उतरेना. माझ्या नकाशात मात्र कालवा मोकळाच! मुलगा फोनवर हसला, ‘‘अगं आई, तो फोटो जुना असतो. बोट आत्ता कुठे आहे, ते एआयएसच्या सिग्नलवरून कळतं.’’

आता आमच्या मंडळातल्या, नवरा टँकरवर असलेल्या एका मुलीला मी हेच शिकवते. भर समुद्रात ठिपका दिसेनासा झाला, की ती रडवेली होते. मी सांगते, ‘‘अगं, किनाऱ्यावरच्या रिसीव्हरला तिथला सिग्नल पोचत नाही, एवढंच. बंदर जवळ आलं की ठिपका परत दिसेल.’’

तिला सांगते खरं. पण आमचा ठिपका दिसेपर्यंत माझाही जीव थाऱ्यावर नसतो!