मायक्रोकंट्रोलरच्या हट्टी पिना

वसई-विरारकडील इमारतींत राहणाऱ्यांस गच्चीवरील पाण्याची टांकी हा किती जिव्हाळ्याचा विषय आहे, हें सांगावयास नको. विकत घेतलेलें टँकरचें पाणी रात्रीं गच्चीवरून वाहून गेलें, किंवा तळची टांकी कोरडी असतां पंप फिरत राहून मोटार जळाली, तर त्याचा भुर्दंड साऱ्या सभासदांच्या माथीं बसतो. म्हणून अभियांत्रिकीचे आपले विद्यार्थी पुष्कळदां पाण्याची पातळी दाखविणारें व पंप आपोआप बंद करणारें यंत्र करावयास घेतात. त्याचा मेंदू म्हणजे मायक्रोकंट्रोलर. या मेंदूचा बाहेरच्या जगाशीं सारा व्यवहार त्याच्या पिनांमार्फत चालतो. आणि या पिना कधीं कधीं असा कांहीं हट्ट धरतात कीं, करणारा रडकुंडीस येतो.

असें एक यंत्र माझ्या पाहण्यांत आलें. त्यांत एटीमेगा ३२ हा ४० पिनांचा मायक्रोकंट्रोलर होता. त्याच्या ‘सी’ नांवाच्या पोर्टच्या आठ पिनांस आठ दिवे जोडले होते. टांकी भरूं लागली कीं खालचे दोन दिवे लागत. मधले चार कांहीं केल्या लागत नसत. आणि टांकी भरत आली कीं वरचे दोन पुन्हां मुकाट्यानें लागत. तारा तपासून झाल्या, दिवे बदलून झाले, शेवटीं नवा मायक्रोकंट्रोलर आणला. तरी मधले चार दिवे अंधारांतच!

वस्तुतः नव्यानेंही तोच हट्ट धरला, यांतच उत्तराची वाट होती. दोन निरनिराळे तुकडे अगदीं त्याच चार पिनांत बिघडावे, हें संभवत नाहीं. जें दोहोंत सारखें आहे तें बिघाड नसून स्वभाव असला पाहिजे. आणि तसा तो आहे. पोर्ट सीच्या २ ते ५ या क्रमांकांच्या पिना दोन धन्यांच्या चाकर आहेत. शाळेंत शिपाई एक आणि त्याला हांक मारणारे मास्तर दोन, अशी त्यांची स्थिति. एक धनी म्हणजे आपण लिहिलेला कार्यक्रम, दुसरा ‘जे-टॅग’. चालत्या मायक्रोकंट्रोलरच्या पोटांत डोकावून चुका शोधण्याची, म्हणजे डीबगिंगची, ही वाट असून तिचें प्रमाण १९९० सालीं ठरलें. कारखान्यांतून हा मायक्रोकंट्रोलर बाहेर पडतो तोच मुळीं जे-टॅग चालू ठेवून. डीबगर जोडलेला असो वा नसो, त्या चार पिना त्याच्याकरितां राखून ठेवलेल्या असतात, आणि आपला कार्यक्रम कितीही ओरडला तरी त्या ऐकत नाहींत.

उपाय दोन आहेत. एक, जे-टॅगचा ‘फ्यूज’ बदलणें. फ्यूज म्हणतांच जळणारी तार डोळ्यांपुढें आणूं नये. ही केवळ एक नोंद आहे. मात्र तिच्यांत ० म्हणजे चालू आणि १ म्हणजे बंद, असा उलटा कारभार आहे, व तेथें भलेभले फसतात. दुसरा उपाय, कार्यक्रमाच्या आरंभींच ‘जेटीडी’ या बिटांत १ लिहिणें, आणि तेंही चार क्लॉकच्या आंत लागोपाठ दोनदां. एकदांच लिहिलें तर व्यर्थ! ज्यांना जे-टॅगनेंच डीबगिंग करावयाचें आहे त्यांनीं मात्र हे दोन्ही उपाय सोडून दिवे सरळ दुसऱ्या पोर्टला न्यावे, हें माझ्या मतें शहाणपणाचें.

पिनेचें खरें काय चाललें आहे हें ओळखण्याची एक सोपी परीक्षा आहे. ‘पोर्ट’ या रजिस्टरांत आपण काय सांगितलें तें दिसतें. ‘पिन’ या रजिस्टरांत प्रत्यक्ष काय घडलें तें दिसतें. निकालास लावलेल्या पिनेच्या बाबतींत या दोहोंत फरक पडला, तर दुसरा कोणी तरी ती ओढीत आहे, किंवा ती आपल्या ताब्यांतच नाहीं, असें समजावें.

टांकींतून येणाऱ्या संदेशाच्या पिनांचें दुखणें निराळें. तरंगता स्विच उघडा असला म्हणजे पिन कशालाच जोडलेली नसते. ५ व्होल्टच्या व्यवहारांत १ व्होल्टच्या खालीं शून्य व ३ व्होल्टच्या वर एक हें निश्चित. मधला प्रदेश बेभरंवशाचा. अशी लोंबकळती पिन गच्चीपासून आलेल्या लांब तारेंतून घरांतल्या विजेची गुणगुण उचलते, आणि क्षणांत भरली, क्षणांत रिकामी, असें सांगत सुटते. बोट लावलें कीं उत्तर बदलतें. मल्टीमीटर लावला कीं दोष नाहींसा होतो व काढला कीं परत येतो, कारण मीटरचा अवरोधही पिनेला थोडा आधार देतो! मायक्रोकंट्रोलरच्या पोटांत २० ते ५० हजार ओहमचा पुल्-अप असतो, पण तो लांब तारेला अपुरा पडतो. त्यांतून आपल्याकडचा पावसाळा व खाडीची खारी हवा. पाटीवर ओल धरली कीं पिनांपिनांत चोरवाटा फुटतात. बाहेरून सुमारें ४,७०० ओहमचा रेझिस्टर लावावा व पाटी स्वच्छ धुऊन, वाळवून वर लॅकरचा हात द्यावा.

सर्वांत धोक्याची पिन ती पंपाच्या रिलेची. डीबगरनें कार्यक्रम मध्येंच थांबविला म्हणजे मायक्रोकंट्रोलर विचार करावयाचा थांबतो, पण पिन होती त्याच स्थितींत राहते. त्या वेळीं पंप चालू असेल तर टांकी भरून वाहूं लागली तरी तो चालूच राहील. याकरितां चुका शोधतांना रिलेवर पंप न ठेवतां साधा दिवा ठेवावा. शिवाय रीसेटच्या क्षणीं ही पिनही लोंबकळती असते. तेव्हां रिले चालविणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या बेसपासून जमिनीच्या तारेपर्यंत १० हजार ओहमचा एक रेझिस्टर जोडावा, म्हणजे वीज जाऊन आल्यावर पंप आपल्या मनानें सुरू होणार नाहीं.