अल्पवयीन आरोपीचं नाव छापता येतं का?

अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर वर्तमानपत्राला त्याचं नाव छापता येतं का? कायद्याचं उत्तर एका शब्दात आहे: नाही. पण प्रश्न तिथे संपत नाही.

बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ७४ आपण पाहू. नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र किंवा ओळख पटेल असा कुठलाही तपशील प्रसिद्ध करायला त्यात मनाई आहे. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ओळख उघड करणं मुलाच्याच हिताचं असेल, तर बाल न्याय मंडळ लेखी कारणं देऊन परवानगी देऊ शकतं. वय धरायचं ते गुन्ह्याच्या दिवशीचं. २०२० च्या एका निकालात तर सर्वोच्च न्यायालयाने चक्क उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात मुलाचं नाव आल्याबद्दल आक्षेप घेतला.

एवढी काळजी कशासाठी? सोळा-सतराव्या वर्षी छापलेलं नाव पुढे नोकरी मागताना, घर भाड्याने घेताना आडवं येतं. मुलाला नव्याने सुरुवात करता यावी, हे या कायद्याचं तत्त्वच आहे.

आता पुण्याचं उदाहरण घेऊ. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला भरधाव पोर्शेखाली दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. चालवणारा सतरा वर्षांचा. बहुतेक बातम्यांत तो 'अल्पवयीन मुलगा'च राहिला, पण वडिलांचं नाव आडनावासकट छापून आलं. मग ओळख लपली कुठे?

यावर पत्रकार म्हणतील, वडील स्वतःच आरोपी होते, सज्ञान होते. त्यांचं नाव का दडवायचं? म्हणणं चुकीचं नाही. पण अशा प्रसंगासाठी कलम ७४ मध्ये वेगळी सूट लिहिलेली नाही. पेच आहे तो इथे.

आणि नाव न छापल्याने बातमी अडत नाही, हेही याच प्रकरणात दिसलं. तीनशे शब्दांच्या निबंधाची अट, रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप, डॉक्टरांची अटक, हे सगळं मुलाचं नाव न घेता लोकांपुढे आलं. ज्यांची माणसं गेली, त्यांना न्याय तपासातून आणि खटल्यातून मिळायचा. नाव छापून तो मिळत नाही.

एक गोष्ट आपल्यासाठी. हे कलम फक्त वर्तमानपत्रांपुरतं नाही, संपर्काच्या इतर माध्यमांनाही ते लागू आहे. तेव्हा असा फोटो व्हॉट्सॲपवर पुढे ढकलण्याआधी आपणही थांबायला हवं.