सोळा आण्यांचे गाव आणि बापाची उचल

हिंगण्याच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेला माणूस जेवताना एक विषय हमखास काढतो : घराची वाटणी. दोन खोल्या, परसात एक लिंबाचे झाड, आणि वाटेकरी पाच. त्यावरून बोलणे बंद होते. पण वाचकहो, वाटायला काही आहे, हीच आपल्यापैकी कित्येक घरांत दोन पिढ्यांपूर्वी नवी गोष्ट होती.

जुन्या मध्य प्रांतात, म्हणजे आपल्या नागपूर जिल्ह्यातही, इंग्रजांनी १८६० च्या दशकातल्या बंदोबस्तात मालगुजारांना गावांचे मालक केले. गाव सोळा आणे धरायचे. मालक वारला की मुले आणे वाटून घेत. कुणाला आठ, कुणाला चार. पुढच्या पिढीत हिस्सा पैंवर येई. सारा भरायला त्यांच्यातलाच एक लंबरदार. घरची जमीन 'सीर' म्हणून घरातच राही. भाऊ असताना मुलींच्या वाट्याला आणे येत नसत.

त्याच गावातल्या सालदाराकडेही वारसा होता. लग्नाला, दुखण्याला घेतलेली उचल बापाच्याने फिटली नाही, की मुलगा त्याच दारात राबायला जाई. अंगठा बापाचा, घाम मुलाचा.

मालगुजार गुलामांचे मालक नव्हते, हेही सांगितले पाहिजे. सालदाराचा लिलाव होत नसे. अमेरिकेतल्या मळेवाल्यांच्या घरी मात्र माणूसच मालमत्तेच्या यादीत असे. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा थॉमस जेफरसन घ्या. १७७३ साली त्याचा सासरा जॉन वेल्स वारला आणि बायकोच्या वाट्याने १३५ गुलाम त्याच्या घरी आले. त्यांत सॅली हेमिंग्स नावाची तान्ही पोर होती. ती वेल्सचीच मुलगी, असे सॅलीच्या मुलाने पुढे सांगितले. म्हणजे एका बहिणीला दुसरी बहीण वारशात मिळाली! आई गुलाम तर मूल गुलाम, असा तिथला कायदाच होता. जेफरसन डोक्यावर कर्ज ठेवून १८२६ मध्ये वारला. जानेवारी १८२७ मध्ये त्याच्या मळ्यावर १३० माणसे विक्रीला काढली गेली. देणे मालकाचे, ताटातूट गुलामांच्या लेकराबाळांची. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेत ही प्रथा मोडणाऱ्यांना अर्पण केले, ते उगीच नव्हे.

इंग्रजांनी आपल्या वसाहतींत १८३३ च्या कायद्याने गुलामी उठवली, तेव्हा दोन कोटी पौंड भरपाई दिली. कुणाला? मालकांना. त्यासाठी काढलेले कर्ज २०१५ पर्यंत फिटत होते. गुलामांना दमडी मिळाली नाही.

आपल्याकडे ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली. मालगुजारांना भरपाई मिळाली, घरची शेतीही त्यांच्याकडेच राहिली. सालदाराची उचल मात्र वहीत तशीच. वेठबिगारीचे कर्ज कायद्याने बुडाले, ते १९७६ मध्ये. बापाच्या उचलीपायी राबलेली माणसे आजही आपल्यात आहेत. संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून विचारावे, कोणाच्या दारात, किती वर्षे.

आता पुन्हा त्या दोन खोल्यांकडे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात बौद्धही येतात. बापाने स्वकष्टाने बांधलेले घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर मुलगी, मुलगा आणि आई यांचा वाटा सारखा. वडिलोपार्जित मालमत्तेतही २००५ च्या दुरुस्तीने मुलगी मुलाच्या बरोबरीला आली. तरी राखीला आलेल्या बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवणारे भाऊ आम्ही पाहिले आहेत. पाचांत दोन बहिणी असतील, तर वाटे पाचच होतात, तीन नव्हे.