स्तनाचा कर्करोग पुन्हां उद्भवला तर
स्तनाच्या कर्करोगांतून बरी झालेली स्त्री साठीनंतर पुन्हां त्याच रोगानें गांठली, कीं घरांत उद्गार निघतो, 'पहिले उपचार फुकट गेले!' ही समजूत बरोबर नव्हे. दुसऱ्या स्तनांतील रोग बहुधा स्वतंत्र व नवाच असतो. क्वचित् जुन्या रोगाच्या सुप्त पेशी वीस वर्षांनींहि डोकें वर काढतात. म्हणून गांठीचा तुकडा पुन्हां तपासावा लागतो. संप्रेरकांस दाद देण्याचा तिचा गुण पूर्वीसारखाच असेल असें नाहीं, आणि औषधयोजना त्यावरच ठरते.

पहिल्या उपचारांचा हिशेब मात्र शरीर विसरत नाहीं. डॉक्सोरुबिसिन या औषधाची जन्मभराची एकूण मात्रा हृदयरक्षणासाठीं मर्यादित ठेवावी लागते. किरणोपचार झालेल्या जागीं ते पुन्हां देतांनाहि फार विचार करावा लागतो. यासाठीं जुने कागद जपून ठेवणें अगत्याचें आहे.

गायिका ऑलिव्हिया न्यूटन-जॉन यांस हा रोग १९९२ सालीं झाला व २०१३ सालीं उलटला. त्यानंतरहि त्या गात राहिल्या. २०२२ सालीं निवर्तल्या.

वयाकडे बोट दाखवून रुग्णापासून निदान लपवूं नये. पुढील उपचार किती व कोणते, हें ठरवितांना तिचा शब्द प्रथम ऐकावा.