‘सेट’चा पसारा

ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यात लांबलचक नोंद होती ती ‘सेट’ या क्रियापदाची. नुसत्या क्रियापदाचेच ४३० अर्थ, वाक्प्रचार धरले तर सुमारे ५८०, आणि ते समजावून सांगायला ६०,००० शब्द. म्हणजे एका बेताच्या कादंबरीएवढा मजकूर झाला! पुढे याच कोशाच्या सुधारणेचे काम चालू असताना ‘रन’ने हा मान पटकावला. त्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले.

एवढे अर्थ पाहून गोंधळायला होते, पण त्यांतले बरेचसे एकाच मुळातून फुटलेले आहेत. जुन्या इंग्रजीत ‘सिटन’ म्हणजे बसणे आणि ‘सेटन’ म्हणजे बसवणे. सीट, सॅडल, सेटल हे शब्द याच कुळातले. संस्कृतातला ‘सद्’ धातूही त्याच घराण्यातला. सदन, परिषद, संसद, उपनिषद हे शब्द त्यापासून झाले. मराठी ‘बसणे’ मात्र ‘उपविश्’वरून आलेले, तेव्हा नाते रक्ताचे नाही. तरी स्वभाव जुळतो. अंगठीत खडा ‘सेट’ करतात, तो मराठीत बसवतात. निखळलेले हाड ‘सेट’ करतात, तेही मराठीत बसवतातच.

इतर ठिकाणी मराठीला दुसरी क्रियापदे शोधावी लागतात. घड्याळाचा गजर लावायचा, सापळाही लावायचा. तारीख ठरवायची, परीक्षेचा पेपर काढायचा. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीचे काम एकट्या ‘सेट’वर भागते. सूर्य मावळतो तिथेही तोच शब्द, कारण सूर्य जणू खाली जाऊन बसतो. पातळ पदार्थ घट्ट होण्याचा अर्थही यातूनच निघाला. जेली सेट होते, दही सेट होते (मराठी घरात ते ‘लागते’), सिमेंट सेट होते.

सिमेंटचे सेट होणे म्हणजे वाळणे, असा सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे. सिमेंटची पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन ते आवळत जाते, पाण्याखालीही. ही क्रिया फार झपाट्याने होऊ नये म्हणून कारखान्यात सिमेंटचे भाजलेले खडे (क्लिंकर) दळतानाच त्यात थोडे जिप्सम घालतात. साध्या पोर्टलँड सिमेंटने पहिल्या ३० मिनिटांत आवळू नये आणि ६०० मिनिटांच्या आत पुरते सेट व्हावे, असे भारतीय मानक सांगते. कालवलेला माल गवंडी घाईघाईने संपवतो तो याचसाठी.

क्रियापदाला शेपूट जोडले की अर्थ आणखी पसरतात. ‘सेट आउट’ म्हणजे प्रवासाला निघणे, ‘सेट अप’ म्हणजे उभारणे, पण एखाद्याला अडकवण्यासाठी रचलेला बनावही ‘सेट-अप’च. ‘सेट ऑफ’मध्ये निघणेही आले आणि फटाका उडवणेही, प्राप्तिकराच्या हिशेबात एका ठिकाणचा तोटा दुसऱ्या ठिकाणच्या उत्पन्नातून वजा करणे हा ‘सेट-ऑफ’. सर्वांत फसवे ‘सेट असाइड’. पैसे ‘सेट असाइड’ केले म्हणजे राखून ठेवले; वरच्या कोर्टाने निकाल ‘सेट असाइड’ केला म्हणजे तो रद्द केला. बातमी भाषांतरित करणाऱ्याने इथे ‘बाजूला ठेवला’ असे लिहिले, तर निकाल अजून जिवंत आहे असे वाटेल.

नाम म्हणून येणाऱ्या ‘सेट’चा वंश थोडा वेगळा आहे. समूह, जथा या अर्थाचा ‘सेट’ जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचे मूळ लॅटिन ‘सेक्टा’ म्हणजे अनुयायांचा पंथ. उच्चार सारखा, म्हणून दोन्ही शब्द एकमेकांत मिसळले. चहाचा सेट, दागिन्यांचा सेट इथे समूहाचा अर्थ ठळक आहे, तर रंगमंचावरचा सेट मांडलेला, म्हणजे क्रियापदाकडचा. गणितात गेओर्ग कँटरने १८७०च्या दशकात पाया घातलेल्या सिद्धांताला इंग्रजीत ‘सेट थिअरी’ म्हणू लागले. मराठी शाळांत हाच ‘सेट’ ‘संच’ झाला. टेनिसमधला सेट सहा गेमांनी, पण दोनच्या आघाडीने जिंकावा लागतो, नाहीतर बरोबरी तोडायला टायब्रेक खेळतात. निर्णायक सेटला टायब्रेक नसताना, २०१० साली विम्बल्डनमध्ये जॉन इस्नरने निकोलस माहूवर पाचवा सेट ७०-६८ असा जिंकला.

मराठीने हे सगळे उचलले नाही. शूटिंगचा सेट, ‘झेरॉक्सचे दोन सेट काढा’, ‘पोरगा पुण्यात सेट झाला’, एवढे रोजच्या बोलण्यात रुळले. नेट-सेटमधला ‘सेट’ मात्र या घराण्यातला नव्हे, तो परीक्षेच्या नावातल्या आद्याक्षरांचा. मराठीने स्वतः भर घातली ती ‘सेटिंग’मध्ये. इंग्रजीत सेटिंग म्हणजे यंत्राची जुळणी किंवा कथेची पार्श्वभूमी. ‘त्याचं वर सेटिंग आहे’ म्हटल्यावर मराठी माणसाला टेंडर कुणाला मिळणार ते कळते, आणि कॉलेजच्या कट्ट्यावर तोच शब्द प्रेमप्रकरणासाठी चालतो.