हापूसच्या गंधाची साक्ष

फळाच्या रसात पाणी वाढवलं, तर साखरेनं गोडी सावरता येते, रंगानं रूप आणि सायट्रिक आम्लानं आंबटपणा. तोतापुरीचा स्वस्त गर हापूसच्या नावानं विकायचा, तर वरून आंब्याचा इसेन्स घालतात. नुसती गोडी आणि आंबटपणा मोजून ही लबाडी सापडेलच असं नाही. तिथे गंधाची साक्ष काढावी लागते, आणि ती नोंदवतो गॅस क्रोमॅटोग्राफ.

जेम्स आणि मार्टिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी हे तंत्र १९५२ साली मांडलं. रसाची बंद कुपी हलकेच तापवली की वरच्या मोकळ्या जागेत वास साठतो. लेप दिलेल्या बारीक तंतूवर तो शोषून यंत्रात सोडतात. आत साधारण ३० मीटर लांबीची, पाव मिलिमीटर भोकाची नळी वेटोळं करून बसवलेली असते. हेलियम वायू वासाचे रेणू तिच्यातून पुढे नेतो. नळीच्या अस्तराला काही रेणू जास्त रेंगाळतात, काही कमी; त्यामुळे एकेक घटक आपापल्या वेळी बाहेर पडतो. टोकाचा मास स्पेक्ट्रोमीटर तो ओळखतो आणि आलेखावर शिखरांची रांग उमटते.

हापूसची ही रांग पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विद्या गुप्ता, अशोक गिरी आणि सहकाऱ्यांनी बारकाईनं अभ्यासली. हापूसचा वास घडतो कसा, हा त्यांचा प्रश्न होता. कच्च्या फळात ऑसिमीनसारखी टर्पिनं असतात. पिकताना लॅक्टोन आणि फ्युरॅनोन तयार होतात आणि गंधाला मधुरपणा येतो. घटकांचं हे प्रमाण जातीगणिक बदलतं, कोकणातल्या कोकणातही थोडं बदलतं.

मोजक्या रसायनांच्या इसेन्सला हे सगळं प्रमाण साधत नाही. शिवाय गंधाचे काही रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे जोडीचे असतात. रासबेरीत अल्फा-आयोनोनचं जवळजवळ एकच रूप सापडतं, कारखान्यातल्या साध्या संश्लेषणात दोन्ही सारखीच. विशेष अस्तराची नळी हा फरक दाखवते.

मात्र एखादं शिखर नाही म्हणून कुणाला दोषी ठरवू नये. गर तापवताना, रस आटवताना अस्सल वासही उडतो. म्हणून कार्बनच्या समस्थानिकांची जोड हवी. उसाची साखर त्यात वेगळी कळते, कारण ऊस आणि आंबा हवेतला कार्बन वेगवेगळ्या मार्गांनी बांधतात.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते नाव डबाबंद रसातही खरं राहायचं असेल, तर तालुक्यातालुक्यातले, हंगामाहंगामातले खात्रीचे नमुने गोळा करून त्यांच्या गंधाची नोंदवही ठेवायला हवी. यंत्र तुलना करून देतं. कशाशी तुलना करायची, तो अस्सल आंबा बागायतदारानं आणि प्रयोगशाळेनं मिळून त्याच्यापुढे ठेवायचा आहे.