टपावरील कॅरिअरचे कुलूप

टपावरील कॅरिअरचे कुलूप म्हणजे मोटारगाडीच्या टपावरील सामानवाहक चौकट, तिच्या आडव्या दांड्या किंवा त्यांवर जोडलेली पेटी, सायकलची पकड इत्यादी साधने चोरीस जाऊ नयेत म्हणून वापरले जाणारे लहान दंडगोलाकार कुलूप होय. हे कुलूप बहुधा सुट्या गाभ्याच्या स्वरूपात मिळते आणि कॅरिअरच्या पायात त्यासाठी राखलेल्या पोकळीत बसविले जाते. सर्वसाधारण समजुतीप्रमाणे ते कॅरिअरला गाडीशी जखडून ठेवते. प्रत्यक्षात जखडण्याचे काम बोल्ट करतो आणि कुलूप त्या बोल्टपर्यंत पोहोचण्याची वाट बंद करते. त्यामुळे बोल्ट सैल असल्यास कुलूप लावलेले असूनही कॅरिअर असुरक्षितच राहते.

संज्ञा

मराठीत मोटारीच्या छताला 'टप' आणि त्यावरील सामानवाहक चौकटीला 'कॅरिअर' हे शब्द रूढ आहेत. 'कुलूप' हा शब्द अरबी 'कुफ्ल' या शब्दापासून वर्णविपर्यासाने बनला असून 'चावी' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आहे. कुलपाच्या ज्या भागात किल्ली फिरते त्या दंडगोलास या लेखात 'गाभा' म्हटले आहे. दुकानांत व कारागिरांत त्यास 'लॉक सिलिंडर' किंवा नुसते 'सिलिंडर' म्हणतात.

पार्श्वभूमी

जुन्या मोटारींच्या टपाच्या दोन्ही कडांना पावसाचे पाणी वाहून नेण्यासाठी पत्र्याची पन्हळ असे. कॅरिअरचे पाय या पन्हळीला पकडून नट-बोल्टने आवळले जात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवरील लोखंडी कॅरिअर हे या पद्धतीचे सर्वपरिचित उदाहरण होय. कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली 'प्रीमियर पद्मिनी' ही गाडी अनेक दशके या टॅक्सीचे प्रमुख रूप होती. टॅक्सी म्हणून तिची शेवटची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली आणि वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून बाद झाली. या गाड्यांवरील कॅरिअर वर्षानुवर्षे एकाच जागी राहत असे. ऊनपावसाने बोल्ट गंजून घट्ट बसत. कॅरिअर काढण्यास पाना, बळ आणि वेळ लागत असल्याने त्यासाठी वेगळ्या कुलपाची गरज भासली नाही.

महाराष्ट्रातील राज्य परिवहन सेवेची पहिली बस १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी धावली. एसटीच्या जुन्या गाड्यांच्या टपावरही सामानासाठी कठडा आणि मागील बाजूस शिडी असे. तेथेही सुरक्षिततेचा आधार कुलूप हा नव्हता. दोरी, ताडपत्री आणि थांब्यावर सामान उतरताना प्रवाशाची व वाहकाची नजर हाच तो आधार होता.

पुढे मोटारींच्या रचनेतून पन्हळ नाहीशी झाली. नव्या कॅरिअरचे पाय दाराच्या चौकटीत अडकणाऱ्या पकडीने किंवा टपावरील रुळांना आवळून बसू लागले. १९४२ साली स्वीडनमध्ये स्थापन झालेल्या 'थुले' आणि १९७३ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'याकिमा' या कंपन्यांनी असे सुटे, हलके आणि वारंवार काढता-घालता येणारे कॅरिअर लोकप्रिय केले. मालकाला जे काही मिनिटांत काढता येते ते चोरालाही तितक्याच वेळात काढता येते. सोयीतून निर्माण झालेल्या या अडचणीवर सुट्या गाभ्याचे कुलूप हा उपाय आहे.

कुलपाची रचना

खुंट्यांच्या कुलपाची कल्पना फार प्राचीन असून इजिप्तमध्ये लाकडी खुंट्यांची कुलपे वापरात होती. त्याच तत्त्वावरील आधुनिक धातूचे दंडगोल कुलूप अमेरिकेतील लायनस येल (धाकटे) यांनी विकसित केले. त्यांची पेटंटे १८६१ व १८६५ या वर्षांची आहेत. भारतात यंत्रनिर्मित कुलपांच्या उद्योगाचा पाया पेशाने वकील असलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबाग येथे घातला.

कॅरिअरच्या गाभ्यात खुंट्यांऐवजी बहुधा पातळ धातूच्या पत्र्या असतात. प्रत्येक पत्रीला मधोमध चौकोनी छिद्र असून तिला एका बाजूने बारीक स्प्रिंगचा रेटा असतो. किल्ली नसताना पत्र्यांची टोके गाभ्याबाहेर येऊन सभोवतालच्या नळीच्या खाचेत अडकतात व गाभा फिरत नाही. योग्य किल्ली आत गेली की तिच्या दात्यांमुळे सर्व पत्र्या गाभ्याच्या परिघात सामावतात आणि गाभा मोकळा होतो. एक जरी पत्री वर किंवा खाली राहिली तरी तो अडतो.

सुटा गाभा पोकळीतून बाहेर येऊ नये यासाठी त्याच्या मागील भागात आणखी एक पत्री असते. रोजच्या किल्लीने ती आत ओढली जात नाही. ती आत घेण्यासाठी वेगळी खास किल्ली मिळते. या किल्लीचा उपयोग केवळ गाभा बसविण्यासाठी व काढण्यासाठी होतो. ती रोजच्या किल्लीसोबत एकाच कडीत ठेवल्यास आणि तो जुडगा हरवल्यास, सापडणाऱ्याच्या हाती संपूर्ण व्यवस्था जाते. म्हणून ती घरी स्वतंत्र ठेवणे इष्ट असते.

एका कॅरिअरला साधारणतः चार पाय असतात. त्यावर पेटी किंवा सायकलची पकड असल्यास कुलपांची संख्या वाढते. प्रत्येकास वेगळी किल्ली असणे गैरसोयीचे असल्यामुळे एकाच किल्लीने उघडणारे गाभे चार, सहा, आठ अशा संचांत विकले जातात. जुन्या साधनांतील गाभे काढून त्याच क्रमांकाचे नवे गाभे बसविता येतात व सर्व साधने एका किल्लीखाली येतात.

बसविण्याची पद्धत

कॅरिअर नवे असताना त्याच्या पायांतील कुलपाच्या पोकळीत पुष्कळदा प्लॅस्टिकचे बूच असते. ते केवळ धूळ अडविते. त्यामुळे कुलूप बसलेले आहे असा दुरून भास होतो, परंतु संरक्षण मिळत नाही. गाभा बसविताना पुढील क्रम पाळतात.

१. कॅरिअरचे पाय योग्य जागी ठेवून सर्व बोल्ट उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे समान आवळले जातात. दांडी हाताने हलवून पाहिली जाते.

२. पोकळीतील बूच खास किल्लीने किंवा अरुंद टोकाच्या पेचकसाने काढले जाते. पोकळीतील माती, तंतू व गंज कोरड्या ब्रशने साफ करतात.

३. खास किल्ली गाभ्यात पूर्ण घातली जाते. मागची पत्री आत गेल्याची खात्री झाल्यावर गाभा पोकळीतील खाचेशी जुळवून सरळ आत सरकविला जातो. जोर लावावा लागत असल्यास गाभा तिरपा बसत आहे असे समजावे.

४. गाभा तळाशी टेकल्यावर तो बोटाने दाबून ठेवून खास किल्ली बाहेर ओढली जाते. मागची पत्री बाहेर येऊन पोकळीच्या खाचेत बसते. गाभा किल्लीसोबत बाहेर आल्यास तो नीट बसलेला नसतो.

५. रोजच्या किल्लीने कुलूप दोन-तीन वेळा उघडून व लावून पाहिले जाते. शेवटी बोल्टवरील झाकण बंद करून ते कुलूपबंद करतात आणि किल्लीविना ओढून पाहतात.

६. किल्लीवरील क्रमांक घरातील वहीत टिपून ठेवला जातो. किल्ली हरवल्यास याच क्रमांकावरून दुसरी मागविता येते.

खास किल्लीच्या वापराचे तपशील कंपनीनुसार थोडे बदलतात. शेवटच्या कुलपाला किल्ली लावण्याआधी बोल्ट आवळल्याची खात्री करणे मात्र सर्वत्र समान आहे. काही अंतर प्रवास झाल्यावर झाकण उघडून बोल्ट पुन्हा तपासावे लागतात, कारण भारामुळे व हादऱ्यांमुळे ते सैल होतात.

विदर्भातील वापर

यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी हे वाघाडी नदीकाठचे तालुक्याचे गाव रेल्वेमार्गावर नाही. येथील प्रवास व मालाची ने-आण एसटी, काळी-पिवळी प्रवासी वाहने आणि खाजगी गाड्या यांवर अवलंबून आहे. नागपूर-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग शेजारच्या पांढरकवड्यावरून जातो. माहूर, शेगाव, पंढरपूर येथील यात्रा, लग्नाची वऱ्हाडे, शिक्षणासाठी शहरात जाणाऱ्या मुलांचे बिऱ्हाड अशा निमित्तांनी टपावर सामान बांधून जाणाऱ्या जीप व मोटारी या भागात नेहमी दिसतात. पांढरकवडा व घाटंजी तालुक्यांत पसरलेल्या टिपेश्वर अभयारण्यामुळे बाहेरगावच्या पर्यटकांच्या गाड्याही येथे येतात.

या परिसरातील कॅरिअरचे ढोबळपणे दोन प्रकार करता येतात. पहिला प्रकार वेल्डिंगच्या दुकानात लोखंडी नळ्या व पट्ट्या जोडून बनविलेल्या कॅरिअरचा होय. त्यात गाभ्यासाठी पोकळी नसते. असे कॅरिअर सुरक्षित करण्यासाठी बोल्टचे डोके विशेष आकाराचे वापरणे, नटाला वेल्डिंगचा टाका देणे किंवा चौकट व टपावरील रूळ यांमधून साखळी ओवून साधे कुलूप लावणे हे मार्ग वापरता येतात. टाका दिल्यास कॅरिअर पुढे सहज काढता येत नाही. दुसरा प्रकार कंपनीच्या सुट्या दांड्यांचा. सुटा गाभा याच प्रकारासाठी असतो.

दोन्ही प्रकारांत टपावरील सामानाचे रक्षण मात्र कुलपाने होत नाही. दोरीने बांधलेली वळकटी किंवा ताडपत्रीखालची पेटी सुरीच्या एका फटक्याने मोकळी होते. त्यामुळे धाब्यावर जेवताना गाडी नजरेच्या टप्प्यात उभी करणे आणि मुक्कामाच्या ठिकाणी सामान उतरवून आत घेणे ही जुनी रीत कुलूप आल्यावरही कालबाह्य झालेली नाही.

मर्यादा

कॅरिअरचे कुलूप चोरी अशक्य करीत नाही. ते चोरीस लागणारा वेळ आणि होणारा आवाज वाढविते. पत्र्यांची रचना साधी असल्यामुळे जाणकार व्यक्ती ते किल्लीशिवाय उघडू शकते. गाभा लहान असल्याने जाड पेचकस ठोकून तो मोडताही येतो. एका उत्पादकाच्या किल्ल्यांचे प्रकार काहीशेच असतात. साहजिकच एकच किल्ली अनेक मालकांकडे असते.

सर्वांत दुर्लक्षित उणीव किल्लीच्या क्रमांकाची आहे. अनेक गाभ्यांच्या दर्शनी भागावरच हा क्रमांक कोरलेला असतो आणि तो वाचून त्या क्रमांकाची किल्ली मागविता येते. मालकाच्या सोयीसाठी ठेवलेली ही व्यवस्था परक्यालाही उपयोगी पडते. क्रमांक वहीत नोंदविल्यानंतर गाभ्यावरील अंक घासून टाकणे किंवा झाकणे हा त्यावरील सोपा उपाय आहे.

वापर नसताना दांड्या काढून घरात ठेवणे हा चोरीविरुद्धचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. त्यामुळे वाऱ्याचा अडथळा कमी होऊन इंधनाचीही बचत होते.

निगा

विदर्भातील कडक उन्हाळ्यात टपाचा पत्रा अतिशय तापतो, तर पावसाळ्यात गाभ्यात पाणी व गाळ शिरतो. पत्र्यांच्या स्प्रिंगा अत्यंत बारीक असल्याने धूळ साचली की त्या अडकतात. इंजिनाचे किंवा खाद्य तेल घातल्यास कुलूप काही दिवस सुरळीत चालते. नंतर तेलात धूळ बसून चिकट थर तयार होतो. त्याऐवजी ग्रॅफाइटची कोरडी पूड वापरतात. किल्ली अडल्यास पक्कडीने पिरगाळू नये. ती आत तुटल्यास गाभा काढणेही अवघड होते आणि बोल्टवरील झाकण फोडावे लागते. वर्षभर न उघडलेले कुलूप ऐन प्रवासाच्या सकाळी उघडत नाही, असा अनुभव सार्वत्रिक आहे. म्हणून ते अधूनमधून फिरवून पाहणे आवश्यक असते.

कायदेशीर बाजू

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीची व्याख्या व शिक्षा दिली आहे. माल किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या वाहनाची, तसेच अशा वाहनातील वस्तूची चोरी कलम ३०५ मध्ये येते. त्यासाठी सात वर्षांपर्यंत कारावास व दंड यांची तरतूद आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी त्याची माहिती जवळच्या पोलीस ठाण्यात देता येते. ही माहिती इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिल्यास तीन दिवसांच्या आत तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते. प्रवासात परजिल्ह्यात चोरी झालेल्या व्यक्तीस ही तरतूद विशेष उपयोगी आहे.

मोटार विम्याच्या मूळ संरक्षणात टपावरील सामानाची भरपाई येत नाही. नंतर बसविलेल्या कॅरिअरची नोंद विमापत्रात आहे किंवा नाही हे आधी पाहावे लागते. खरेदीची पावती आणि बसविलेल्या कॅरिअरचे छायाचित्र जपून ठेवल्यास तक्रार व दावा या दोन्ही वेळी मालकी सिद्ध करणे सोपे जाते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. मर्यादेपेक्षा उंच किंवा बाजूंनी बाहेर आलेला भार दंडनीय आहे. टपावर किती वजन ठेवावे हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. अनेक प्रवासी मोटारींसाठी ही मर्यादा ५० ते ७५ किलोच्या आसपास असून तीत कॅरिअरचे वजनही धरले जाते. कुलूप लावल्यामुळे या मर्यादेत वाढ होत नाही.

हेही पाहा

कुलूप · अर्देशीर गोदरेज · प्रीमियर पद्मिनी · महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ · घाटंजी · टिपेश्वर अभयारण्य